लॉ सीईटीची तयारी: पुस्तकं, पीडीएफ, यूट्यूब, मॉक, सगळ्याची मोट कशी बांधायची

मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासनं कोल्हापुरात ज्याला बघावं त्याला वकील व्हायचंय. चांगलंच आहे ते, पण प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, पुस्तक कुठलं घेऊ?" आणि माझं उत्तर ऐकून बहुतेकांचं तोंड उतरतं, कारण लॉ सीईटीला, म्हणजे एलएलबीच्या प्रवेश परीक्षेला, एक पुस्तक पुरत नाही आणि दहा घेतली तर एकही वाचून होत नाही. मटेरियलची कमतरता कुणालाच नाही आता, मोबाईलमध्ये पीडीएफचा ढिगारा पडलेला असतो, यूट्यूबवर सेव्ह केलेल्या प्लेलिस्ट असतात, वर मावसभावाने एमपीएससी सोडताना दिलेली पुस्तकं कपाटात. प्रश्न एवढाच आहे की कशाकडनं कुठलं काम करून घ्यायचं. प्रत्येक साधनाला एकच काम द्यायचं आणि ते काम झालं की ते बाजूला ठेवायचं, बस. ते कसं करायचं ते खाली लिहितेय, जरा लांबलंय, पण वाचा.

आधी परीक्षा कुठली ते क्लिअर करू. मी बोलतेय महाराष्ट्राच्या सीईटी सेलच्या ३ वर्षांच्या एलएलबीच्या सीईटीबद्दल, म्हणजे ग्रॅज्युएशननंतरची. बारावीनंतरच्या ५ वर्षांच्या कोर्सची सीईटी वेगळी असते, त्यात विभागांचे मार्क वेगळे पडतात, पण अभ्यासाची पद्धत बरीचशी हीच चालते. पेपर कॉम्प्युटरवर, वेळ २ तास, आधी १५० प्रश्न असायचे आता १२०, प्रत्येकी १ मार्क, निगेटिव्ह मार्किंग नाही, प्रश्न इंग्रजी आणि मराठी दोन्हीत. ३ वर्षांच्या पेपरात कायदा २४, जीके आणि चालू घडामोडी ३२, लॉजिकल २४ आणि इंग्रजी ४०. तरी फॉर्म भरायच्या आधी त्या वर्षीचं माहितीपत्रक सीईटी सेलच्या साईटवरनं उतरवून घ्या आणि विभागांचं ते पान प्रिंट मारून भिंतीला चिकटवा. मजा बघा, सगळे कायद्याच्या पुस्तकामागे धावतात आणि कायद्याला मार्क आहेत २४, इंग्रजीला ४०. म्हणजे मार्कांच्या हिशोबानं ही निम्म्याहून जास्त इंग्रजी आणि जीकेचीच परीक्षा आहे, आणि तुमचा वेळ आणि पैसा पण त्याच हिशोबानं वाटला गेला पाहिजे.

आधी जुने पेपर, मग पुस्तकं

लोक उलटं करतात. आधी पुस्तक पूर्ण करतो मग पेपर सोडवतो म्हणतात, आणि पुस्तक कधीच पूर्ण होत नाही. पहिल्याच आठवड्यात एक जुना पेपर काही न वाचता घड्याळ लावून सोडवा. मार्क कितीही पडूदेत, ते कुणाला दाखवायचे नाहीत. त्यानंतर अजून चार-पाच पेपर घ्या पण ते सोडवू नका, नुसते चाळा आणि प्रत्येक प्रश्नाच्या बाजूला पेन्सिलनं लिहा हा कुठनं आला, म्हणजे "मूलभूत हक्क", "लॅटिन मॅक्झिम" (कायद्यातली लॅटिन सूत्रं), "टॉर्ट" (ज्याची भरपाई मागता येते असं दिवाणी नुकसान), "फौजदारी", "पुरस्कार", "बातमी", "रक्तसंबंध", "स्पेलिंग" असं. दोन संध्याकाळी जातात याला. पण त्यानंतर पुस्तकाच्या दुकानात गेलात की अनुक्रमणिका बघूनच कळतं यातली किती प्रकरणं आपल्या उपयोगाची आणि किती नुसती पानं.

एक गोष्ट सांभाळा. बाजारात आणि टेलिग्रामवर फिरणाऱ्या जुन्या पेपरांत मुलांनी परीक्षेवरनं येऊन आठवून लिहिलेले पण असतात, त्यामुळे प्रश्न अर्धवट असतात आणि उत्तरं कधीकधी सरळ चुकीची असतात. प्रश्न कुठल्या पद्धतीचा येतो हे कळायला असा पेपर झकास, पण पाठांतर करायला बिलकुल नाही. आणि १५० प्रश्नांचा जुना पेपर २ तासांत सोडवताना प्रश्नाला ४८ सेकंद मिळतात, आता पूर्ण मिनिट मिळतं, म्हणजे जुन्या पेपरात वेळ कमी पडला तर लगेच रडत बसू नका. स्पीडची सवय लागायला उलट तेच बरं.

कायदा: एक पुस्तक, एक बेअर ॲक्ट, आणि जुन्या पुस्तकाची डागडुजी

कायद्याच्या विभागाला तुम्हाला वकिलाएवढं ज्ञान नको असतं. राज्यघटना, टॉर्ट, करार, फौजदारीतल्या ठळक गोष्टी, मॅक्झिम, काही गाजलेले खटले, एवढ्यावर बरंच भागतं. एक गाईड टाइप पुस्तक घ्या, कुठलंही चालेल, फक्त आवृत्ती नवी असली पाहिजे. राज्यघटनेसाठी एमपीएससीवाल्या मित्राचं जाड पुस्तक आणायची काही गरज नाही, आणलंच तर त्यातली मूलभूत हक्क, कर्तव्यं, राष्ट्रपती, संसद, न्यायव्यवस्था आणि घटनादुरुस्ती एवढीच प्रकरणं काढा. ज्यांचा नागरिकशास्त्राशी शाळेनंतर काही संबंधच आला नाही, म्हणजे आमची बीएस्सी आणि बीकॉमची पोरं, त्यांनी बालभारतीची नववी-दहावीची पुस्तकं आधी वाचा, ई-बालभारतीवर फुकट आहेत, दोन दिवसांत होतात आणि जाड पुस्तक मग परकं वाटत नाही.

बेअर ॲक्ट म्हणजे कायद्याचा नुसता मजकूर, टीका-टिप्पणी काही नाही. इंडिया कोडच्या साईटवर सगळे केंद्रीय कायदे फुकट मिळतात, संविधान तर मराठीतही मिळतं. पण बेअर ॲक्ट वाचायला बसू नका, झोप येते. त्याचं काम तपासायचं. गाईडमध्ये, व्हिडिओत, मित्राच्या नोट्समध्ये कलम क्रमांक आला आणि शंका आली की तिथे जाऊन बघायचा आणि परत यायचं. कलम १४, १९, २१, २१अ, ३२, ५१अ, २२६, ३६८ एवढी तरी एकदा मूळ शब्दांत वाचा मात्र. कलम ३२ नि २२६ मधला फरक, म्हणजे सुप्रीम कोर्ट फक्त मूलभूत हक्कांसाठी रिट (कोर्टाचा खास आदेश) काढतं आणि हायकोर्ट त्याशिवाय इतर कारणांसाठीही काढू शकतं, हा मूळ मजकूर वाचला की डोक्यात बसतो, तक्त्यातनं बसत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सेकंडहँड पुस्तकं. कोल्हापुरात जुनी पुस्तकं निम्म्या किमतीत मिळतात, सिनिअर लोक तर चहावर देऊन टाकतात, आणि घ्यावीत पण, मी काही नाही म्हणत नाही. फक्त १ जुलै २०२४ पासनं आयपीसी (भारतीय दंड संहिता) गेली आणि भारतीय न्याय संहिता आली, सीआरपीसी (फौजदारी प्रक्रिया संहिता) गेली आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, एव्हिडन्स ॲक्टच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. तुमच्या हातातल्या २०२२ च्या पुस्तकात हे काहीच नाही. म्हणून जुनं पुस्तक घेतलं की त्याच दिवशी पेन्सिल घेऊन बसायचं. खुनाची शिक्षा ३०२ च्या शेजारी १०३ लिहा. फसवणूक ४२० शेजारी ३१८. चोरी ३७८ शेजारी ३०३. अब्रुनुकसानी ४९९ शेजारी ३५६. समान उद्देश ३४ शेजारी ३(५). सासरच्या छळाचं ४९८अ शेजारी ८५. हयगयीनं मृत्यू ३०४अ शेजारी १०६. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हा नाही हे ८२ होतं ते आता २०. आयपीसीत ५११ कलमं होती, न्याय संहितेत ३५८ आहेत, हा तर सरळ जीकेचा प्रश्न. आणि जे नव्यानं आलं ते वेगळ्या रंगानं, म्हणजे समाजसेवा ही शिक्षा, हिसकावून पळणं हा वेगळा गुन्हा कलम ३०४, संघटित गुन्हेगारी कलम १११.

इथे एक खाच आहे. नव्या संहितेतही ३०२ क्रमांकाचं कलम आहेच, पण ते धार्मिक भावना दुखावणाऱ्या बोलण्याबद्दल आहे. सिनेमे बघून आपल्या डोक्यात ३०२ म्हणजे मर्डर एवढं पक्कं बसलंय की हात आपोआप चुकीच्या पर्यायाकडे जातो. हीच गत ग्राहक संरक्षण कायद्याची, जुन्या पुस्तकात १९८६ चा, आता लागू आहे २०१९ चा. त्यामुळे नियम असा ठेवा, जुन्या पुस्तकातनं तत्त्व शिका, आकडे नव्यातनं घ्या. टॉर्ट आणि कराराचं तत्त्व काही रातोरात बदलत नाही. अज्ञानाशी, म्हणजे वयानं सज्ञान नसलेल्याशी, केलेला करार मुळातच रद्दबातल हे १९०३ च्या मोहरी बीबी खटल्यापासनं तसंच आहे, तिथे दहा वर्षांपूर्वीचं पुस्तकही बिनधास्त चालतं.

एक प्रश्न आणि चार साधनं

लीगल रीझनिंगचा प्रश्न म्हणजे एक तत्त्व दिलेलं, एक प्रसंग दिलेला, आणि तत्त्व लावून उत्तर काढायचं. समजा तत्त्व आहे, जो माणूस समजून-उमजून स्वतःहून धोका पत्करतो त्याला त्या धोक्यातनं झालेल्या इजेची भरपाई मागता येत नाही. प्रसंग असा की पेठेतल्या दोन तालमींची फुटबॉल मॅच आहे, एक जण तिकीट काढून गोलपोस्टमागे बसतो, फटका जोरात बसतो, बॉल त्याच्या चष्म्यावर, चष्मा फुटला, डोळ्याला लागलं. भरपाई मिळेल? नाही, कारण मॅच बघायला जाणाऱ्याला बॉल अंगावर येऊ शकतो हे माहिती असतं. आता प्रसंग थोडा बदला, बॉल नाही, बसायची फळी कुजलेली होती ती मोडून तो पडला. आता मिळेल, कारण त्यानं बॉलचा धोका पत्करला होता, कुजक्या फळीचा नाही.

हे तुम्ही गाईडमध्ये वाचलंत तर फक्त व्होलेन्टी नॉन फिट इन्ज्युरिया हा मॅक्झिम पाठ होईल. यूट्यूबवर एखाद्या बऱ्या शिक्षकाचा टॉर्टचा एक तास बघितलात तर फळी आणि बॉलमधला फरक कळेल. मग सरावाला क्लॅटचे (राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेचे) पेपर घ्या, तिथे हेच तत्त्व मोठ्या उताऱ्यात लपवून चार-पाच प्रश्न विचारतात. आणि शेवटी सीईटीच्या मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, मिनिटाच्या आत सोडवा. समजणं, खोदणं, वेगानं करणं, ही तीन वेगळी कामं आहेत आणि एका साधनाकडनं तिन्ही होत नाहीत. आणि हो, दिलेलं तत्त्व तुम्हाला खऱ्या आयुष्यात चुकीचं वाटलं तरी तेच लावायचं. "पण प्रत्यक्षात तर पोलीस असं करत नाहीत" असली हुशारी दाखवायची जागा ती नाही. ज्यांच्या घरात कुणी वकील आहे ती पोरं इथेच हमखास मार खातात.

जीके: एका बातमीला चार बाजूंनी धरायचं

मासिकं विकत घेऊन ठेवायची आणि चाळायची नाहीत हा आपल्याकडचा राष्ट्रीय छंद आहे. एक वर्तमानपत्र रोज, एक मासिक महिन्याला, एवढंच ठेवा. घरी पुढारी किंवा सकाळ येतच असतो, तो स्थानिक आणि राज्याच्या बातम्यांना, आणि राष्ट्रीय नि कोर्टाच्या बातम्यांसाठी लोकसत्ता किंवा एखादा इंग्रजी पेपर. परवडत नसेल तर करवीर नगर वाचन मंदिरासारखं १८५० चं ग्रंथालय आपल्या गावात आहे, सकाळी जाऊन पेपर वाचायला कुणी अडवत नाही.

वाचायचं कसं ते सांगते, बेंचचंच उदाहरण घेऊ. बातमी एवढीच की मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचं उद्घाटन १७ ऑगस्ट २०२५ ला त्यावेळचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झालं आणि १८ तारखेपासनं कामकाज सुरू झालं. पेपर वाचणारा इथेच थांबतो. तुम्ही वहीत ही ओळ लिहायची आणि खाली विचारत जायचं. कुठले जिल्हे? कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. कुठल्या कायद्याखाली? राज्य पुनर्रचना कायदा १९५६, कलम ५१(३). मुंबई हायकोर्ट कधीचं? १८६२. आधीची खंडपीठं कुठली? नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा. राज्याला हायकोर्ट असावं हे घटनेत कुठे? कलम २१४. हायकोर्टाच्या जजचं रिटायरमेंटचं वय? ६२, सुप्रीम कोर्टाचं ६५. गवईंनंतर कोण? न्या. सूर्यकांत, २४ नोव्हेंबर २०२५ पासनं, ५३ वे सरन्यायाधीश. बघा, बातमी पेपरातनं आली, कलम घटनेच्या पुस्तकातनं आलं, कायदा नेटवरनं तपासला, आणि सात प्रश्न तयार झाले. यातले दोन जीकेत येऊ शकतात आणि दोन कायद्यात. साधनं एकत्र करायची म्हणजे हेच हो, चार पुस्तकं शेजारी-शेजारी उघडून बसायचं नव्हे.

आपल्या गावाचा फायदा पण घ्या. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला ५० टक्के आरक्षण दिलं हे इथल्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही, त्याला फक्त कलम १५(४), १६(४), १०३ वी घटनादुरुस्ती नि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बलांचं आरक्षण) जोडा. शाहू महाराजांचं सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणि कलम २१अ, २००२ ची ८६ वी घटनादुरुस्ती, असंच. आधीच डोक्यात असलेल्या गोष्टीला लावलं की विसरत नाही.

बाकी पुरस्कार, खेळ, नेमणुका, समित्या यांना यूट्यूबचे मासिक आढावे बरे पडतात, दीड पट स्पीडवर ऐकायचे. वर्षभराचं सगळं करायची गरज नाही, परीक्षेच्या आधीचे सात-आठ महिने नीट केले तरी खूप झालं.

इंग्रजी: जिथे मार्क आहेत आणि कुणी बघत नाही

४० मार्क. मराठी मीडियमची पोरं इथे आधीच हार मानून बसतात आणि मग कायद्याच्या २४ मध्ये २४ काढायची स्वप्नं बघतात. अहो, प्रश्न शाळेच्या व्याकरणावरचेच असतात, चूक ओळखा, गाळलेली जागा, समानार्थी-विरुद्धार्थी, वाक्प्रचार, एका शब्दात सांगा, आणि एखादा उतारा. व्याकरणाला एक पुस्तक, तेही जे तुम्ही आधी अर्धं केलंय तेच पूर्ण करा. सरावाला एसएससी आणि बँकेच्या परीक्षांचे इंग्रजीचे जुने पेपर वापरा, ढीगभर फुकट आहेत, उत्तरासकट आहेत आणि प्रश्नांची धाटणी बरीच जुळते. शब्दांसाठी वेगळं जाड पुस्तक नको. इंग्रजी पेपरातला कोर्टाविषयीचा एक लेख रोज वाचायचा, त्यातले पाच शब्द त्या वाक्यासकट वहीत. म्हणजे एकाच लेखात जीके पण झालं, इंग्रजी पण झालं, आणि वाचायचा स्पीड वाढला तो वेगळाच. पहिले पंधरा दिवस डोकं दुखतं, नंतर सवय होते.

लॉजिकलबद्दल फार लिहित नाही. नंबर सिरीज, कोडिंग, दिशा, रक्तसंबंध, बैठकव्यवस्था, विधान-निष्कर्ष, बँकवाल्या कुठल्याही मित्राचं पुस्तक उचला आणि रोज वीस प्रश्न करा. व्हिडिओ फक्त अडलेल्या प्रकाराचा बघा. काहीजण नेटवर शोधता शोधता अमेरिकेतल्या एलसॅटच्या, म्हणजे तिथल्या लॉ प्रवेश परीक्षेच्या, मटेरियलपर्यंत पोचतात. युक्तिवाद ओळखायची ती फार उत्तम शाळा आहे, पण आपल्या सीईटीत तेवढं खोल विचारत नाहीत, आणि त्यातले जे लॉजिक गेम्स लोक हौसेनं सोडवतात ते तर ऑगस्ट २०२४ पासनं त्या परीक्षेतनंही काढून टाकलेत. हौस असेल तर रविवारी.

यूट्यूब, टेलिग्राम, एआय आणि क्लास

यूट्यूबचा नियम एकच, आधी प्रश्न मग व्हिडिओ. "बसूया, बघूया काय लागतंय" म्हणून उघडलं की दोन तासांनी तुम्ही रंकाळ्यावरच्या मिसळीचा व्लॉग बघत असता. वहीत "हे कळलं नाही" म्हणून जे लिहिलंय तेवढंच शोधायचं आणि बंद करायचं. टेलिग्रामचे ग्रुप दोन ठेवा, एक बातम्यांच्या पीडीएफचा आणि एक सीईटीच्या नोटिसा लवकर कळाव्यात म्हणून, बाकी म्यूट नाही, सरळ लेफ्ट. पीडीएफ डाउनलोड केली की अभ्यास झाल्यासारखं वाटतं, आणि नेमकं तिथेच फसायला होतं.

एआयला विचारायला हरकत नाही, उलट मॅक्झिम समजावून घ्यायला, तत्त्वावर पाच नवे प्रसंग तयार करून घ्यायला नाद खुळा काम करतं ते. पण कलमाचा क्रमांक, खटल्याचं साल, घटनादुरुस्तीचा आकडा हे त्याच्यावर सोडायचं नाही. बिनदिक्कत थापा मारतं आणि तेही इतक्या आत्मविश्वासानं की शंका येत नाही. आकडा आला की बेअर ॲक्ट.

क्लास लावू का, हा प्रश्न घरी बाबा विचारतात. माझं मत असं की ज्याला सकाळी स्वतःहून उठून पुस्तक उघडता येतं त्याला पूर्ण क्लासची गरज नाही, नुसती टेस्ट सिरीज घ्या. ज्याला कुणीतरी विचारल्याशिवाय अभ्यास होतच नाही त्यानं खुशाल क्लास लावावा, त्यात कमीपणा काही नाही, पण क्लासच्या नोट्स मिळाल्या म्हणून जुने पेपर आणि वर्तमानपत्र वाचन सोडू नये. आणि राजारामपुरीत काय नि ऑनलाइन पुण्याचा काय, फी भरायच्या आधी एक डेमो लेक्चर आणि या वर्षीचं मटेरियल हातात घेऊन बघा, त्यात न्याय संहिता आहे की अजून आयपीसीच चाललीय.

मॉक आणि चुकांची वही

महिना-दोन महिने झाले की आठवड्याला एक पूर्ण मॉक, आणि शेवटच्या महिन्यात दोन-तीन. मॉक सीईटीच्या पॅटर्नचेच घ्या. क्लॅटचे मॉक मिसळलेत तर एक गोष्ट डोक्यात ठेवा, क्लॅटलाही १२० प्रश्न नि २ तासच आहेत, पण तिथे चुकीला पाव मार्क कापतात, त्यामुळे तिथली पोरं प्रश्न सोडायला शिकतात. आपल्याला सोडायचा नाहीये. निगेटिव्ह नाही म्हणजे शेवटच्या दोन मिनिटांत एकही प्रश्न कोरा राहता कामा नये, ही सवय मॉकमध्येच लावून घ्या. काय होतं, लोक अडलेल्या लॉजिकलच्या प्रश्नात पाच मिनिटं घालवतात आणि शेवटी इंग्रजीचे सोपे दहा प्रश्न बघायचे राहून जातात.

मॉक दोन तासांचा असेल तर तो तपासायला तीन तास द्या. चुकांची वही म्हणजे दोनशे पानी साधी वही, पानाच्या डाव्या बाजूला प्रश्न एका ओळीत, उजव्या बाजूला का चुकलं. का चुकलं याची कारणं फक्त तीन ठेवा. माहितीच नव्हतं, माहिती होतं पण प्रश्न नीट वाचला नाही, किंवा दोन पर्यायांत घोळ झाला. पहिल्या कारणाला पुस्तक उघडायचं. तिसऱ्याला व्हिडिओ किंवा एखादा सिनिअर गाठायचा. आणि दुसऱ्या कारणाला कुठलंही पुस्तक घेऊन उपयोग नाही, तिथे फक्त "नाही", "वगळता", "चुकीचे विधान" असल्या शब्दांखाली बोट ठेवून वाचायची सवय. पुढचं पुस्तक घ्यायचं की नाही हे ही वही ठरवते. सलग तीन मॉकमध्ये करार कायद्यात "माहितीच नव्हतं" येतंय तरच करार कायद्यासाठी काहीतरी नवीन शोधा, एरवी दुकानाच्या पायरीवर चढायचं नाही.

प्रश्नाचं मराठी वाचून डोक्यावरनं गेलं तर त्याच प्रश्नाचं इंग्रजी वाचा, ते बऱ्याचदा सोपं असतं. मॉकही म्हणून दोन्ही भाषांतला घ्या.

नोकरी करून देणारे पण भरपूर आहेत. शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावला कंपनीत शिफ्ट करणाऱ्यानं बारा तासांचं टाइमटेबल बनवू नये, ते तीन दिवस टिकतं. जाता-येता केएमटीत चालू घडामोडी ऐकायच्या, जेवणाच्या सुट्टीत वीस लॉजिकल, रात्री एक तास कायदा किंवा इंग्रजी, आणि सुट्टीच्या दिवशी मॉक. फर्स्ट शिफ्ट असेल तर दुपारी झोपून संध्याकाळी बसा, डोळे ओढत बसून काही आत जात नाही. आणि जमलं तर तिघा-चौघांचा ग्रुप करा, ज्यात एक बीए पॉलिटिकलवाला, एक बँकेची तयारी केलेला, एक इंग्रजी बरं असलेला असेल. शनिवारी तासभर बसून प्रत्येकानं आपल्या विषयातले दहा प्रश्न बाकीच्यांना विचारायचे. नुसतं "झालं का रे तुझं" विचारणाऱ्या ग्रुपपासनं मात्र लांब राहा.

शेवटच्या पंधरा दिवसांत नवीन काहीही उघडायचं नाही, कुणी कितीही "इम्पॉर्टंट" म्हणून पाठवलं तरी. चुकांची वही, बातम्यांची वही, पेन्सिलनं दुरुस्त केलेलं कायद्याचं पुस्तक, एवढं तीनदा. मॉक तुमच्या स्लॉटच्या वेळेला, शक्यतो कॉम्प्युटरवर, मोबाईलवर नको, स्क्रीनवर उतारा वाचायची सवय वेगळी असते.

आणि अभ्यासाच्या नादात कागदपत्रं विसरू नका. डोमिसाईल, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन क्रिमीलेअर, ईडब्ल्यूएस, ज्याला जे लागेल ते आत्ताच सेतूमध्ये अर्ज टाकून ठेवा, मार्कशीटवरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच आहे का ते पण बघून घ्या. निकाल लागून कॅप राउंड (प्रवेशाच्या फेऱ्या) सुरू झाले की सगळं गाव त्याच खिडकीवर असतं.